रंग मारण्याआधी कंटेनर वाचा

मोरा बंदरावर लाँचमधून उतरून उरणमार्गे पनवेलकडे निघालं की वाटेत कंटेनरची यार्डं लागतात. न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि या पट्ट्यातल्या मिठागरांचं, भातशेतीचं रूप पालटलं. २०२३-२४ या एका वर्षात या बंदरातून वीस फुटी मापाने मोजले तर ६४ लाखांहून अधिक कंटेनर हलले. यातले जे जुने होतात, चेपतात, समुद्रावर पाठवण्याजोगे राहत नाहीत, ते विकले जातात. त्यांची साइट ऑफिसं होतात, वॉचमनच्या केबिन होतात, खाणावळी होतात. अलिबाग-कर्जतकडच्या वाड्यांवर पाहुण्यांच्या खोल्या होतात. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून चाकांवर चढवलेल्या फिरत्या घराची हौसही वाढते आहे. स्वस्तात मजबूत निवारा मिळतो, आणि जुन्या पोलादाचा पुन्हा वापर होतो, हे चांगलंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: पैसे देण्याआधी, ग्राइंडर लावण्याआधी आणि रंगाचा डबा उघडण्याआधी त्या कंटेनरवर जे काही लिहिलं आहे ते वाचा आणि त्याचे फोटो काढून ठेवा. सातबारा न पाहता आपण गुंठाभर जमीन घेत नाही. कंटेनर मात्र लाखभर रुपये मोजून केवळ रंग आणि दाराची कडी पाहून घेतो. तो कोणाचा होता, कधी बनला, किती भार सोसतो, त्याच्या फळीत कोणतं औषध मुरवलं आहे, हे सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. वाचायला अर्धा तास पुरतो. एकदा रंग चढला की ते सहज हाती लागत नाही.

आधी नंबर

दारावर उजव्या बाजूला वर मोठ्या अक्षरांत चार रोमन अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक आकडा दिसतो. हाच नंबर दोन्ही लांब भिंतींवर, मागच्या भिंतीवर, छपरावर आणि बहुतेकदा आतही असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची. पॅरिसमध्ये १९३३ साली स्थापन झालेली ‘बीआयसी’ ही संस्था जगभरातल्या मालकांच्या या अक्षरांची नोंद ठेवते आणि तिच्या संकेतस्थळावर कोणालाही ती शोधता येतात. एमएसके म्हणजे मर्स्क, एमएससी म्हणजे त्याच नावाची कंपनी, एचएलएक्स म्हणजे हापाग-लॉइड. चौथं अक्षर बहुतेक सगळीकडे यू असतं. त्याचा अर्थ मालवाहू कंटेनर. ते झेड असेल तर तो नंबर कंटेनरचा नसून तो वाहणाऱ्या चासीचा आहे.

चौकटीतला शेवटचा आकडा फार कामाचा आहे. आधीची दहा अक्षरं-आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे तो सांगतो. हिशेब घरी बसून करता येतो. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी म्हणजे १३, असं झेडपर्यंत मोजत जायचं; ११, २२ आणि ३३ हे आकडे वगळायचे. मग पहिल्या अक्षराला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, पुढे ८, १६, ३२ असं दुप्पट करत दहाव्या आकड्याला ५१२ ने गुणायचं. सगळ्यांची बेरीज करून तिला ११ ने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे चौकटीतला आकडा. बाकी १० आली तर तिथे ० असतो.

उदाहरण घ्या. सी, एस, क्यू, यू आणि पुढे ३०५४३८. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८ आणि ३२. सगळे गुणाकार करून बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी राहते ३. म्हणजे चौकटीत ३ हवा. तिथे ७ असेल, तर वाचताना तुमची चूक झाली आहे किंवा कोणीतरी अक्षर बदललं आहे. पुसट ८ आणि ३ यांच्यात घोटाळा होतो तेव्हा, किंवा एखादा आकडा पूर्ण गेलेला असतो तेव्हा, याच हिशेबाने तो ओळखता येतो. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. ते आवडीने करेल.

नंबर नसला म्हणून लगेच संशय घेऊ नका. कंटेनर विकताना कंपनीने आपली अक्षरं पुसायची असतात, असा रिवाज आहे. बाहेरून पुसलेला नंबर हा बहुधा रीतसर विक्रीचाच भाग असतो. मात्र दारावर एक नंबर, आत दुसरा आणि पावतीवर तिसरा असेल तर व्यवहार थांबवा.

मापाची चार चिन्हं

नंबरच्या खाली आणखी चार चिन्हं असतात, उदाहरणार्थ २२जी१. पहिला आकडा लांबीचा: २ म्हणजे वीस फूट, ४ म्हणजे चाळीस. दुसरा उंचीचा: २ म्हणजे साडेआठ फूट, ५ म्हणजे साडेनऊ. जी म्हणजे साधा बंद कंटेनर, आर म्हणजे शीतपेटी, यू म्हणजे वरून उघडा, टी म्हणजे टाकी. ४५जी१ वाचलंत तर तो चाळीस फुटी उंच कंटेनर. त्याच्या वरच्या कडांवर पिवळे-काळे पट्टेही असतात. गावातल्या अरुंद रस्त्याने तो ट्रेलरवरून न्यायचा असेल तर विजेच्या तारांची उंची आधीच पाहून या.

काही पेट्यांवर अक्षरच नसतं, नुसते चार आकडे असतात: २२१० किंवा ४३१०. सोबत देशाची दोन-तीन अक्षरंही दिसतात. ही जुनी पद्धत. १९९५ मध्ये नियम बदलले आणि मधे अक्षर आलं. नुसते आकडे दिसले तर ती पेटी फार जुनी असण्याचा संभव आहे. मग तळ आणि छप्पर दुप्पट काळजीने तपासा.

आर अक्षर दिसलं तर थोडं थांबा. शीतपेटी आतून पांढरी, स्वच्छ आणि उन्हाळ्यात थंड असते, म्हणून लोकांना ती आवडते. पण तिच्या भिंतींत फोम भरलेला असतो. त्यावर वेल्डिंग केलं की फोम पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. खिडकी कापायची तर फोम कसा काढणार, हे वेल्डरला आधी विचारा.

मापाच्या चिन्हांखाली वजनं लिहिलेली असतात. सर्वात मोठा आकडा मालासकट कमाल वजनाचा, बऱ्याचदा ३०,४८० किलो. टेअर म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन: वीस फुटीचं साधारण २,२०० किलो, चाळीस फुटीचं ३,७०० च्या आसपास. हायड्रा क्रेनवाल्याला फोन करताना हाच आकडा सांगायचा असतो.

पोलादी पाटी

डाव्या दारावर खाली रिव्हेट मारलेली एक पाटी असते. तिला सीएससीची प्लेट म्हणतात. सुरक्षित कंटेनरसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २ डिसेंबर १९७२ रोजी जिनिव्हात झाला आणि ६ सप्टेंबर १९७७ पासून लागू झाला. ही पाटी त्याची खूण. कुठल्या देशाने मान्यता दिली, कोणत्या महिन्यात आणि वर्षी तो बनला, कारखान्याने दिलेला क्रमांक, कमाल वजन, एकावर एक रचल्यावर सोसायचा भार, हे सगळं तिच्यावर कोरलेलं असतं. विकणारा ‘आठ-दहा वर्षांचाच आहे’ म्हणतो, तेव्हा वाद घालू नका, पाटीवरचं वर्ष वाचा.

बनल्यापासून पाच वर्षांत पहिली तपासणी आणि मग दर ३० महिन्यांनी पुढची, असा नियम आहे. म्हणून पाटीवर किंवा तिच्याशेजारी तारखांचे शिक्के असतात. कधी त्याऐवजी एसीईपी ही अक्षरं असतात; त्यांचा अर्थ, कंपनी सतत चालणाऱ्या मान्य कार्यक्रमाखाली तपासणी करत होती.

रचण्याच्या भाराचा आकडा वाचून पुष्कळ जण फसतात. तिथे १,९२,००० किलो असं काही दिसतं आणि माणसाला वाटतं, छपरावर काहीही ठेवा. तो भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो, पत्र्यावर नाही. छपराची चाचणी ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो ठेवून घेतात, म्हणजे दुरुस्तीला चढलेली दोन-तीन माणसं त्याने सोसावीत एवढीच अपेक्षा. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की तिचं वजन हजार किलो होतं. ती छपराच्या मधोमध ठेवू नका. तिच्यासाठी वेगळा सांगाडा उभा करा.

आणखी एक गोष्ट. पाटीवरचे आकडे अखंड पेटीचे असतात. दार-खिडक्यांसाठी भिंत कापली की ती मान्यता संपते, आणि अशा वेळी मालकाने पाटी काढून टाकायची, असं करारातच म्हटलं आहे. ती काढाल तेव्हा भंगारात देऊ नका. फोटो काढा आणि पाटी कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या तो कंटेनर तुम्ही विकाल, तेव्हा पुढच्या माणसाला त्याचं वय कळायला हवं.

तळाची फळी

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे त्याकडे येतो. कंटेनरचा तळ साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा असतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून त्या प्लायवूडमध्ये कारखान्यातच कीटकनाशक मुरवलेलं असतं. ऑस्ट्रेलियाने ही अट कडकपणे घातली आणि जगभरच्या कंटेनरना ती पाळावी लागली. त्याची नोंद दारावर सीएससीच्या पाटीजवळ किंवा तिच्याच एका भागात असते. तिथे इंग्रजीत ‘टिंबर कॉम्पोनंट ट्रीटमेंट’ असं लिहिलेलं असतं. खाली आयएम ही अक्षरं, मग औषधाचं नाव (रॅडॅलियम, बॅसिलियम अशी नावं पुष्कळदा दिसतात) आणि मग ते केव्हा मुरवलं ते वर्ष.

ही पाटी वाचल्यावर घाबरून जायचं कारण नाही. औषध लाकडात आहे, ते मालासाठी ठीक होतं. पण माल त्या फळीवर उघड्या अंगाने झोपत नव्हता. उरण-पनवेल पट्ट्यात बांधकामावरचे कामगार, वॉचमन आणि त्यांची लहान मुलं अशा खोल्यांत राहतात. चटई टाकून त्याच फळीवर झोपतात, तिच्यावरच पीठ मळतात, रांगतं बाळ तिच्यावरून हात फिरवून तोंडात घालतं. मे महिन्यात पत्रा तापतो, दार बंद असतं, आणि फळीतला वास खोलीत साचतो. कोणीही मुद्दाम कोणाचं वाईट करत नाही. पाटी कोणी वाचलेली नसते, एवढंच.

म्हणून माणूस राहणार असेल तर दोनपैकी एक काहीतरी कराच. जुनं प्लायवूड पूर्ण काढून नवीन टाका. किंवा ते धुऊन, वाळवून, इपॉक्सीचे थर देऊन पूर्ण बंद करा आणि वर नवीन फळी आणि फरशीचं व्हिनाइल घाला. इपॉक्सी देताना कडा आणि स्क्रूची भोकं सोडू नका. प्लायवूड घासायची वेळ आली तर चांगला मास्क लावा, दारं उघडी ठेवा. आणि काढलेली फळी चुलीत, बंबात किंवा शेकोटीत घालू नका. खाणावळीच्या भट्टीत तर मुळीच नाही. त्या धुरातून औषध थेट छातीत आणि अन्नात जातं. ती फळी फुकट मागायला कोणी आलं तर त्यालाही हे सांगा.

तळावरचे डागही वाचा. काळा तेलकट डाग, पांढरी पूड, उग्र वास, लाकूड जळल्यासारखा पट्टा, हे दिसलं तर आत काय सांडलं होतं याचा विचार करा. असा तळ झाकून चालत नाही, तो काढावाच लागतो.

चौकोनी खुणा आणि धुरी

भिंतीवर टोकावर उभ्या ठेवलेल्या चौकोनाची खूण किंवा तिचा काढलेला ठसा दिसतो का, ते बघा. धोकादायक मालाची ही लेबलं साधारण वीतभराहून मोठी, २५ सेंटिमीटर बाजूची असतात. खालच्या कोपऱ्यातला आकडा मालाचा वर्ग सांगतो: ३ म्हणजे पेट घेणारं द्रव, ६ म्हणजे विषारी, ७ म्हणजे किरणोत्सारी, ८ म्हणजे जाळणारं आम्ल वगैरे. अशी खूण दिसली म्हणजे पेटी बाद, असं नाही. धोकादायक माल नीट बांधूनच पाठवतात. पण ६ किंवा ८ च्या खुणेसोबत तळावर डागही असतील, तर राहण्यासाठी ती पेटी घेऊ नका. गोदामाला एक आणि माणसाला दुसरी, असा भेद करा.

कवटीचं चित्र असलेला कागद दारावर चिकटलेला असेल तर ती धुरीची सूचना आहे. धान्य, लाकूड, मसाले यांना मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फीनची धुरी देतात. सूचनेवर औषध आणि तारीख लिहिलेली असते. जुनी सूचना असली तरी बंद कंटेनरमध्ये एकदम शिरू नका. दोन्ही दारं सताड उघडून वारा खेळू द्या. मग आत जा, आणि एक माणूस बाहेर उभा ठेवा. त्याच वेळी दारं थोडा वेळ लोटून घ्या: छपरातून उजेडाचे ठिपके दिसले तर पावसाळ्यात तिथूनच गळणार आहे.

पुसलेलं कसं वाचावं

आपल्याकडची खारी हवा पोलाद खाते, आणि विकणारे वरून रंग मारतात. तरी अक्षरं पूर्ण जात नाहीत. बहुतेक खुणा चिकटपट्टीच्या असतात. रंगाखालीही त्यांच्या कडा उठून दिसतात. संध्याकाळी टॉर्च भिंतीला लागून तिरपी धरा, उजेड आडवा पडू द्या. बोटाने कड चाचपा. मागची भिंत आणि छप्पर विसरू नका. रंगारी तिथे आळस करतात. आत दाराच्या वरच्या बाजूला बघा. खडूने काढलेले गोल आणि बाण दिसले तर ती तपासनीसाने दाखवलेली चेप किंवा भोकं असतात. तिथली दुरुस्ती झाली का, ते पाहा.

खुणा वाचण्यासाठी ग्राइंडरने रंग उडवू नका. जुन्या सागरी रंगांत शिसं आणि क्रोमेट असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओलं फडकं, साबण आणि धीर एवढं पुरेसं आहे.

कागद आणि चाकं

परदेशी कंटेनर आपल्याकडे शुल्क न भरता येतात, पण सहा महिन्यांत देशाबाहेर परत जाण्याच्या अटीवर. १९९४ च्या सीमाशुल्काच्या १०४ क्रमांकाच्या अधिसूचनेने ही अट घातली. जो इथेच विकला जातो त्याचं शुल्क भरलेलं असायला हवं. म्हणून विकणाऱ्याकडे बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. त्यावरचा नंबर आणि तुम्ही वाचलेला नंबर जुळला पाहिजे. पक्क्या बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या. ‘एक जुना कंटेनर’ एवढ्यावर सही करू नका.

पेटी चाकांवर असेल तर चासीचंही वाचन करा. चासी नंबर लोखंडात ठोकलेला असतो. तो आरसी बुकातल्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळवा. भोवतीचं लोखंड घासलेलं, वेल्डिंगने भरलेलं दिसलं तर मागे फिरा. गाडीवर पनवेलचा एमएच-४६ असो, पेणचा एमएच-०६ असो, आधी नंबर ‘परिवहन’च्या ॲपवर टाकून बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. घाट चढण्याआधी हे पाहिलेलं बरं.

प्रत्येकाला एकेक विनंती

घेणाऱ्यांनी नंबर, मापाची चिन्हं, दोन्ही पाट्या, तळ आणि छप्पर यांचे फोटो काढल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. विकणाऱ्यांनी पाट्या झाकू नयेत. उलट गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवाव्यात, त्याने तुमच्या यार्डाचं नावच वाढेल. वेल्डर आणि रंगारी मित्रांनी काम सुरू करण्याआधी मालकाला विचारावं, ‘पाटीचा फोटो काढलात का?’ ठेकेदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कामगारांच्या केबिनचा तळ बदलण्याचा किंवा नीट बंद करण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा. एका केबिनमागे तो खर्च फार नसतो, आणि त्या फळीवर झोपणाऱ्याला हे मागायचं असतं, हे माहीतच नसतं.

आणि जे आज अशा खोलीत राहत आहेत त्यांनी आजच दार उघडून डाव्या बाजूची पाटी शोधावी. इंग्रजी वाचता येत नसेल तर फोटो काढून गावातल्या शाळेतल्या गुरुजींना, बाईंना किंवा शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला दाखवावा. वाचून सांगायला कोणी नाही म्हणणार नाही. पाटी वाचून झाली की मालकाकडे नवीन फळी मागा, आणि ती मिळेपर्यंत उंच खाटेवर झोपा, अन्न फळीवर ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा.